डेमो प्रोजेक्टवरून स्वतःचं सर्व्हर अ‍ॅप्लिकेशन उभं करताना

प्रश्न थोडक्यात असा: स्प्रिंग बूटचा (जावात सर्व्हर लिहिण्यासाठीचा तयार सांगाडा) डेमो प्रोजेक्ट उतरवला, 8080 पोर्टवर चालला, ब्राउझरमध्ये ‘हॅलो’ दिसलं. आता त्याच प्रोजेक्टवर पुण्यात उंड्रीतल्या एका सोसायटीसाठी पाण्याच्या टँकरची नोंदवही उभी करायची आहे. वॉचमन मोबाइलवरून नोंद टाकणार, समिती महिन्याचा हिशेब बघणार. सुरुवात कुठून करायची? डेमोतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं?

आधी क्रम सांगतो, कारण बहुतेकांचं गाडं तिथंच अडतं. दुसरं फीचर लिहायला घेण्याआधी पहिली एकच नोंद मोबाइलपासून खऱ्या सर्व्हरवरच्या खऱ्या डेटाबेसपर्यंत पोचवा. लॉगिन, रिपोर्ट, एसएमएस, पीडीएफ सगळं नंतर. डेमोमधली प्रत्येक डीफॉल्ट सेटिंग ‘पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी चालू दिसावं’ म्हणून निवडलेली असते. तुमच्या गरजा वेगळ्या आहेत. दहा फीचर लॅपटॉपवर लिहून अकराव्या आठवड्यात सर्व्हरवर टाकायला गेलात, तर त्या सगळ्या डीफॉल्ट सेटिंग एकदम अंगावर येतात आणि कुठली चूक कशामुळे हे कळत नाही.

(सेटिंग आणि कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

पहिलं काम आवृत्तीचं. स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर 2022 मध्ये आली. तिथपासून जावा किमान 17 लागतं, आणि जुनी ‘जावाएक्स’ पॅकेजेस जाऊन ‘जकार्ता’ आली. नेटवरची निम्मी ट्यूटोरियल त्याआधीची आहेत. तिथून एंटिटीचा (टेबलाशी जोडलेल्या जावा क्लासचा) कोड उचलला की कंपाइल होत नाही, मग कोणीतरी सुचवतं की जुनी जावाएक्स पर्सिस्टन्सची जार (तयार कोडची फाइल) जोडा. जोडली की कंपाइल होतं, पण अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना ‘नॉट अ मॅनेज्ड टाइप’ म्हणून पडतं, कारण नवं हायबरनेट (एंटिटी आणि टेबलं जोडणारी लायब्ररी) जुन्या अ‍ॅनोटेशनकडे बघतच नाही. उपाय एकच: इम्पोर्टच्या ओळी जकार्ताच्या करा आणि ती जार काढून टाका.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असा एरर आला तर त्यातले आकडे वाचा. 52 म्हणजे जावा 8, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. ‘61 आहे, पण 52 पर्यंतच चालतं’ असं दिसलं, तर कोड 17 वर बनलाय आणि चालवताय 8 वर. आयडीईमध्ये एक जावा आणि जावा होम व्हेरिएबलमध्ये दुसरं, असं लॅबच्या मशीनवर नेहमी सापडतं. नव्यानं सुरू करत असाल तर सरळ 21 घ्या.

मेव्हन (प्रोजेक्ट बांधणारं साधन) पहिल्यांदा चालवाल तेव्हा बऱ्याच जार उतरतात. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर प्रॉक्सी असेल तर मेव्हनच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ती वेगळी द्यावी लागते, ब्राउझरमध्ये दिलेली त्याला पुरत नाही. मधेच नेट गेलं तर ‘ही जार मिळाली नाही’ ही गोष्ट मेव्हन लक्षात ठेवतं आणि नेट आल्यावरही तोच एरर दाखवत राहतं. तेव्हा कमांडला मोठ्या ‘यू’चा पर्याय जोडला की ते परत प्रयत्न करतं. प्रोजेक्टमध्ये मेव्हन रॅपरची फाइल असते, तीच वापरा. विंडोजवरून लिनक्सवर नेल्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर फाइलला एक्झिक्यूट परवानगी नाही. ‘बॅड इंटरप्रिटर’ आलं, तर ओळींच्या शेवटी विंडोजचं ओळ संपवण्याचं चिन्ह राहिलंय, गिटमध्ये त्या फाइलसाठी लिनक्सचं ठेवा.

आता प्रोजेक्ट स्वतःचा करा. इनिशियलायझर (डेमो प्रोजेक्ट बनवून देणारी स्प्रिंगची साइट) ‘कॉम डॉट एक्झाम्पल डॉट डेमो’ असं पॅकेज देतो. ते नाव पहिल्याच दिवशी बदला, नंतर कोणी बदलत नाही. बदलताना मेन क्लास सर्वांत वरच्या पॅकेजमध्ये राहील एवढं बघा. स्प्रिंग फक्त मेन क्लासचं पॅकेज आणि त्याच्या पोटातली पॅकेजेस चाळतं. कंट्रोलर (ब्राउझरची विनंती घेणारा क्लास) शेजारच्या पॅकेजमध्ये ठेवलात तर एरर काहीच येत नाही, अ‍ॅप्लिकेशन मजेत सुरू होतं, आणि ब्राउझरमध्ये मात्र 404 चं ‘व्हाइटलेबल एरर पेज’. यात माणसं अख्खी संध्याकाळ घालवतात.

पुढची डिपेंडन्सी (प्रोजेक्टला लागणारी बाहेरची लायब्ररी) सुद्धा इनिशियलायझरच्या यादीतूनच घ्या. तुमची आवृत्ती निवडा, हवं ते टिचकवा, ‘एक्सप्लोर’मध्ये तयार झालेली पॉम फाइल (मेव्हनसाठीची यादी) बघा आणि तिथून ओळी उचला. जुन्या लेखातून आवृत्तीच्या आकड्यासकट उचललेली डिपेंडन्सी स्प्रिंग बूटनं आपसात जुळवून ठेवलेला संच बिघडवते.

मग डेटाबेस. डेमोमध्ये बहुधा एचटू हा छोटा डेटाबेस असतो, तोही मेमरीत. अ‍ॅप्लिकेशन बंद झालं की टेबलं गेली, सुरू झालं की नवी. त्याची सवय लागू देऊ नका. पहिल्याच आठवड्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) चालवा आणि डेव्हलपमेंटही त्यावरच करा. ‘आत्ता एचटू, नंतर पोस्टग्रेस’ हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात राखीव शब्द वेगळे, तारखांची फंक्शनं वेगळी, लहान-मोठ्या अक्षरांचे नियम वेगळे. टेस्ट एचटूवर हिरव्या आणि सर्व्हरवर लाल, असा प्रकार होतो. टेस्टसाठीही टेस्टकंटेनर्स वापरून खरा पोस्टग्रेस उठवता येतो. वेळ थोडा जास्त जातो, पण निकालावर भरवसा ठेवता येतो. आणि टेबलाला ‘यूजर’ नाव देऊ नका, पोस्टग्रेसमध्ये तो राखीव शब्द आहे. ‘सदस्य’ किंवा ‘अ‍ॅप यूजर’ अशा अर्थाचं काहीही चालेल.

टेबलं कोण बनवणार हे इथंच ठरवा. ‘डीडीएल-ऑटो’ची सेटिंग ‘अपडेट’वर ठेवली की हायबरनेट टेबलं आपोआप बनवतं आणि सगळं सोपं वाटतं. पण ते कॉलमचं नाव बदलत नाही, जुना कॉलम काढत नाही. एंटिटीत ‘रक्कम’चं नाव ‘एकूण रक्कम’ केलंत, तर नवा रिकामा कॉलम शेजारी उभा राहतो आणि जुना डेटा जुन्या कॉलममध्ये पडून. म्हणून सुरुवातीपासून फ्लायवे, म्हणजे टेबलांतले बदल क्रमानं लागू करणारं साधन. प्रत्येक बदलाची एक एसक्यूएल फाइल: मोठं ‘व्ही’, आकडा, दोन अंडरस्कोअर, मग नाव. अंडरस्कोअर एकच दिलात तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये ती फाइल निमूटपणे वगळली जाते. एकदा लागू झालेली फाइल नंतर उघडून बदललीत तर चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळत नाही आणि अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही. ते बरोबरच आहे, नव्या बदलाला नवी फाइल लिहा. सहा महिन्यांनी समिती म्हणेल की प्रत्येक टँकरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पण लिहायचा, तेव्हा दोन ओळींची फाइल पुरते. ‘अनसपोर्टेड डेटाबेस’ असा निरोप आला तर घाबरू नका. फ्लायवे 10 पासून पोस्टग्रेसचा भाग वेगळ्या जारमध्ये आहे, तेवढी जोडा. हायबरनेटची सेटिंग मग ‘व्हॅलिडेट’वर ठेवा. एंटिटी आणि टेबल जुळत नसेल तर ते सुरुवातीलाच बोंब मारेल.

पहिल्या टेबलात मोजकेच कॉलम घ्या: पुरवठादार, लिटर, पावती क्रमांक, रक्कम, आल्याची वेळ, कोणी नोंदवलं. लिटर पूर्णांकात, 10000 वगैरे. रक्कम जावात ‘बिगडेसिमल’ आणि टेबलात ‘न्यूमरिक’, दोन दशांश. ‘डबल’मध्ये पैसे ठेवले की 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 येत नाही, आणि खजिनदारांना काही पैशांचा फरक दिसला की ते सगळ्याच हिशेबावर संशय घेतात.

वेळेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण या अ‍ॅप्लिकेशनचा सगळ्यात महाग बग इथं दडलाय. टँकर पहाटे येतात. समजा 1 जुलैला पहाटे 4 वाजता टँकर आला. क्लाउडवरची लिनक्स मशीन बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते, आणि यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे. तिच्या मते तेव्हा 30 जून, रात्रीचे साडेदहा वाजलेत. तुम्ही कोडमध्ये ‘लोकलडेट’ची ‘नाऊ’ पद्धत वापरलीत, तर नोंद जूनच्या हिशेबात जाते. लॅपटॉपवर हा बग कधीच दिसणार नाही, तिथलं घड्याळ भारतीय वेळेचं असतं. मशीन जवळ असण्याशी याचा संबंध नाही: अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, एडब्ल्यूएसचं एक रीजन मुंबईत आहे, पण मशीन घ्याल तेव्हा घड्याळ यूटीसीच असेल.

उपाय असा. आल्याची वेळ जावात ‘इन्स्टंट’ म्हणून धरा आणि पोस्टग्रेसमध्ये टाइम झोनसहित टाइमस्टँपच्या कॉलममध्ये ठेवा. दिवस किंवा महिना काढायचा तिथं ‘एशिया/कोलकाता’ हा झोन स्वतः लिहून द्या. जुलैचा हिशेब म्हणजे यूटीसीत 30 जून 18:30 पासून 31 जुलै 18:30 च्या आधीपर्यंत. शेवटची वेळ ‘च्या आधी’ अशीच घ्या. ‘31 तारखेच्या 23:59 पर्यंत’ असं लिहिलं की शेवटचा मिनिट सुटतो. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावणं हा उपाय नव्हे. पुढं कोणी मशीन बदलली की बग परत येतो आणि तोवर कारण सगळे विसरलेले असतात. या एका गोष्टीसाठी टेस्ट लिहाच. कोडमध्ये ‘क्लॉक’ बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये घड्याळ 30 जून 22:30 यूटीसीवर गोठवा.

मराठी नावांचा प्रश्न पोस्टग्रेसमध्ये फारसा येत नाही, डेटाबेस यूटीएफ-8 मध्ये असला की झालं. मायएसक्यूएल वापरणार असाल तर ‘यूटीएफ8एमबी4’ घ्या, 8.0 पासून तेच डीफॉल्ट आहे. जुन्या ‘लॅटिन1’ टेबलात देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात आणि मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. पुरवठादारांची यादी फाइलमधून वाचणार असाल तर एन्कोडिंग स्पष्ट लिहा. जावा 18 च्या आधी डीफॉल्ट एन्कोडिंग मशीनवर अवलंबून होतं, आणि विंडोजवर ते बहुधा यूटीएफ-8 नसायचं. लांबीची मर्यादा घालतानाही सांभाळा. ‘क्षी’ आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणक चार मोजतो.

आता कोडची मांडणी. कंट्रोलर, सर्व्हिस (कामाचे नियम), रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा भाग) हे तीन थर पुरेत. एवढ्याशा कामाला मायक्रोसर्व्हिस (एकाच कामाचे वेगवेगळे छोटे सर्व्हर) लागत नाहीत, मुलाखतीत विचारतात म्हणून इथं घुसवू नका. एंटिटी थेट जेसनमध्ये (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) बाहेर पाठवू नका. पुरवठादारात नोंदींची यादी आणि नोंदीत पुरवठादार असं दोन्हीकडून जोडलं, की जेसन बनवणारं जॅक्सन त्या दोघांत गरगर फिरतं आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो. बाहेर पाठवायला साधे ‘रेकॉर्ड’ बनवा, हवी तेवढीच फील्ड. आत येणाऱ्या माहितीवर व्हॅलिडेशन लावा: लिटर शून्यापेक्षा जास्त, पावती क्रमांक रिकामा नको. व्हॅलिडेशनचं स्टार्टर वेगळं जोडावं लागतं, आणि कंट्रोलरच्या पॅरामीटरवर ‘व्हॅलिड’ लिहायला विसरलात तर नियम लिहूनही ते तपासले जात नाहीत.

गेटवर नेट कमकुवत असतं हे गृहीत धरा. वॉचमननं बटण दाबलं, नोंद सर्व्हरवर पोचली, पण उत्तर परत आलं नाही. तो परत दाबणार. झाल्या दोन नोंदी, म्हणजे एका टँकरचे दोनदा पैसे. फक्त स्क्रीनवर बटण बंद करून हे थांबत नाही. पुरवठादार आणि पावती क्रमांक मिळून डेटाबेसमध्येच युनिक बंधन घाला. दुसरी नोंद आली की डेटाबेस नाकारेल. सर्व्हिसमध्ये तो एक्सेप्शन पकडा आणि 409 सोबत ‘ही पावती आधीच नोंदवली आहे’ असं मराठीत परत द्या. ‘आधी शोधा, नसेल तर टाका’ असं फक्त कोडमध्ये लिहिलंत तर एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्या त्या फटीतून निसटतात.

याच टप्प्यावर काही जण सिक्युरिटीचं स्टार्टर जोडतात आणि सगळं बंद पडल्यासारखं वाटतं. ते बंद पडलेलं नसतं, सगळ्या पत्त्यांना कुलूप लागलेलं असतं. नाव ‘यूजर’ आणि पासवर्ड सुरू होतानाच्या लॉगमध्ये छापलेला. लॉगिननंतर माहिती वाचता येते पण पाठवताना 403 येतं, ते सीएसआरएफमुळे, म्हणजे दुसऱ्या साइटनं तुमच्या नावानं विनंती पाठवू नये म्हणून असलेल्या संरक्षणामुळे. लॉगिन कुकीवर चालत असेल तर ते संरक्षण बंद करू नका, टोकन सोबत पाठवा. प्रत्येक विनंतीत हेडरमधून टोकन जात असेल आणि कुकी नसेलच, तरच बंद करणं योग्य. आणखी एक चकवा असा की कोडमध्ये भलताच एक्सेप्शन उडाला की स्प्रिंग विनंती आतल्या आत ‘एरर’ या पत्त्याकडे वळवतं, त्यालाही कुलूप असतं, आणि बाहेर दिसतं 401 किंवा 403. परवानग्या तपासत बसण्याआधी लॉग वाचा.

डेटाबेसचा पासवर्ड प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहून गिटमध्ये टाकू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या, ‘स्प्रिंग_डेटासोर्स_पासवर्ड’ मोठ्या अक्षरांत लिहिलं की स्प्रिंग स्वतः जोडून घेतं. चुकून टाकलाच असेल तर पुढच्या कमिटमध्ये खोडून उपयोग नाही, इतिहासात तो राहतो. पासवर्डच बदला.

एक नोंद लॅपटॉपवर टेबलात गेली की पुढं फीचर न लिहिता सर्व्हर घ्या. सोसायटीच्या ऑफिसातला संगणक नको: पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि पालिकेचं पाणी बंद असतं तेही बहुधा गुरुवारीच, म्हणजे टँकर जास्त तेव्हाच सर्व्हर झोपलेला. भाड्याची 2 जीबी मेमरीची लिनक्स मशीन भरपूर झाली. 1 जीबीवर ओढाताण होते. जेव्हीएम डीफॉल्टनं मेमरीच्या साधारण पाव भाग हीपला (कोडच्या कामाच्या मेमरीला) घेतं, शिवाय थ्रेड आणि क्लासची जागा वेगळी, आणि त्याच मशीनवर पोस्टग्रेसही आहे. अशा वेळी लिनक्सच प्रोसेस मारून टाकतं, अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये एक ओळही मिळत नाही. कर्नलचा लॉग बघा.

जार फाइल मशीनवर न्या आणि सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस बनवा. टर्मिनलवर चालवून शेवटी अँपरसँड लावणं म्हणजे मशीन रीस्टार्ट झाली की सगळं थंड. सर्व्हिससाठी वेगळा यूजर करा, रूट नको. रीस्टार्टची सेटिंग ‘ऑन-फेल्युअर’, आणि 143 हा कोड यशस्वी धरायला सांगा, नाहीतर तुम्ही नीट बंद केलेलं अ‍ॅप्लिकेशनही ‘फेल्ड’ दिसतं. समोर एनजीनएक्स (विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर), त्यावर लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट. त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे एकदा ‘ड्राय रन’नं, म्हणजे नुसती चाचणी म्हणून चालवून बघा. फायरवॉलमध्ये बाहेरून फक्त 22, 80 आणि 443 उघडे. 8080 आणि पोस्टग्रेसचा 5432 बंद. एनजीनएक्स 502 दाखवत असेल तर त्याच्यात दोष शोधू नका, मागचं अ‍ॅप्लिकेशन उठलेलं नाही किंवा अजून उठतंय.

डॉकरमध्ये पोस्टग्रेस चालवत असाल तर एक सावधगिरी: पोर्ट नुसता ‘5432:5432’ असा उघडला की डॉकर फायरवॉलचे स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूनं (लिनक्सची फायरवॉल) बंद केलेला पोर्ट जगाला उघडा पडतो. समोर 127.0.0.1, म्हणजे फक्त त्याच मशीनचा पत्ता, लिहा.

इथवर आलात की वॉचमनच्या फोनवरून एक नोंद टाकून बघा, मग मशीन रीस्टार्ट करा आणि नोंद जागेवर आहे का ते पाहा. त्यानंतर बाकीची फीचर.

फीचर वाढवताना सगळ्यात आधी कनेक्शनची मर्यादा नडते. टॉमकॅट (स्प्रिंग बूटच्या आतला वेब सर्व्हर) डीफॉल्टनं 200 थ्रेड देतो, हिकारी पूल (डेटाबेसची कनेक्शन वाटून देणारा) मात्र 10 कनेक्शन. एवढ्या कामाला 10 पुष्कळ आहेत, पण कोणीतरी ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसवरचं एकसंध काम) आतून एसएमएसवाल्याला कॉल करतं आणि तिकडून उत्तराला 5 सेकंद लागतात. तेवढा वेळ कनेक्शन अडकलेलं. 10 कनेक्शन, प्रत्येकी 5 सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम 2 विनंत्या. बाकीच्या रांगेत, आणि 30 सेकंदांनी ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल’. लोक मग पूल 100 चा करतात. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादाच 100 आहे, त्यामुळे आता बॅकअपलाही कनेक्शन मिळत नाही. बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शन संपल्यावर करा आणि त्याला टाइमआउट लावा. ‘ओपन-इन-व्ह्यू’ची सेटिंगही बंद करा. ती चालू असताना डेटाबेसला एकदा हात लावला की कनेक्शन उत्तर जाईपर्यंत धरून ठेवलं जाऊ शकतं. सुरू होताना लॉगमध्ये तिच्याबद्दल इशारा येतो, तो कोणी वाचत नाही.

ती बंद केल्यावर ‘लेझी इनिशियलायझेशन’चे (जोडलेली माहिती उशिरा मागितल्याचे) एक्सेप्शन दिसतील. चांगलंच आहे: कुठं नकळत जास्तीच्या क्वेरी जात होत्या ते त्यातून कळतं. महिन्याच्या यादीत 90 नोंदी आणि प्रत्येकीचा पुरवठादार वेगळ्या क्वेरीनं, असा प्रकार असेल तर ‘जॉइन फेच’ लिहा, म्हणजे सगळं एकाच क्वेरीत येईल. बेरजा जावात आणून करू नका, ‘सम’ आणि ‘ग्रुप बाय’ डेटाबेसलाच करू द्या.

बॅकअप रोज रात्री ‘पीजी_डम्प’नं, आणि फाइल दुसऱ्या ठिकाणी, त्याच मशीनवर नव्हे. महिन्यातून एकदा ती फाइल लॅपटॉपवरच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवा आणि गेल्या महिन्याच्या लिटरची बेरीज दोन्हीकडे जुळते का बघा.